ऊटी-कुन्नूरच्या बागांची सहल: २४ जण, बहुतेक साठीपुढचे. बेळगावहून कार्यक्रम कसा आखावा?

कुंडी_टिळकवाडी:

राम राम मंडळी. टिळकवाडी, शहापूर आणि वडगावातले आम्ही २४ जण नीलगिरीला फक्त बागा बघायला जायचं म्हणतोय. सगळे घरी फुलझाडं लावणारे. सोळा बायका, आठ पुरुष, वयं ५८ ते ७४. चौघांचे गुडघे कुरकुरतात, एका काकांना दम लागतो.

एका टूरवाल्यांनी ३ रात्री ४ दिवसांचा कार्यक्रम दिलाय. पहिल्याच दिवशी मैसूर-ऊटी प्रवास आणि संध्याकाळी बोट हाऊस. दुसऱ्या दिवशी बोटॅनिकल गार्डन, रोझ गार्डन, थ्रेड गार्डन, डोड्डाबेट्टा शिखर आणि चहाचा कारखाना. तिसऱ्या दिवशी कुन्नूर, आणि तिथूनच परत. खाली ‘सोबत गाइड’ एवढंच लिहिलंय.

जाणकारांनी सांगा की: एवढ्या दिवसांत हे होतं का? मे बरा की दसऱ्याची सुट्टी? गाइड घेताना काय विचारायचं? आणि शेवटचं, सगळ्यांनाच तिथून रोपं आणायची आहेत. कुठली आणावीत?

नीलगिरीवाट:

कुंडीताई, ही सहल बागांची नव्हे, पार्किंगची आहे. एका दिवसात पाच ठिकाणं म्हणजे प्रत्येक ठिकाणी पाऊण तास. त्यातली वीस मिनिटं २४ जण बसमधून उतरण्यात, तिकिटात आणि स्वच्छतागृहात जातात. राहिलेल्या वेळात गेटजवळचा फुलांचा गालिचा बघून होतो. झाडं वरच राहतात.

एकच नियम धरा: दिवसाला एक मोठी बाग, तीही सकाळी. सोबत जमली तर दुपारी एक छोटी. बागांसाठी पूर्ण तीन दिवस लागतात, जाण्यायेण्याचे दोन वेगळे. म्हणजे ऊटीला ४ रात्री. एक रात्र वाढल्यानं खर्च वाढेल, पण पैसे कमी करायचेच असतील तर बोट हाऊस आणि थ्रेड गार्डन गाळा. थ्रेड गार्डनमधली फुलं दोऱ्याची आहेत. कला म्हणून छान, पण तुमच्या गटाला माती हवी.

बोटॅनिकल गार्डनला पूर्ण सकाळ द्या. लंडनच्या क्यू बागेत शिकलेले विल्यम ग्रॅहम मॅकआयव्हर यांनी १८४८ पासून ती उभी केली. सुमारे २२ हेक्टर, आणि सगळी डोड्डाबेट्टाच्या उतारावर. गेट उघडताच आत शिरा. दहानंतर शाळांच्या सहली येतात आणि गाइडचा आवाज ऐकू येईनासा होतो. खालच्या हिरवळीवरून सुरुवात करून काचघर, मग इटालियन पद्धतीचे वाफे, मग जुनी झाडं. बुचाचं झाड हाताला लागेल एवढ्या जवळून बघा. साल दाबली तर बोटाखाली किंचित दबते, आणि त्याच सालीतून बाटलीचं बूच निघतं. मंकी पझल हे चिलीचं झाड, पानं त्रिकोणी, कडक, टोकाला सुईसारखी. पेपर बार्कची साल वहीच्या कागदासारखी पापुद्र्यांनी सुटते. दगड झालेलं एक खोडही आहे, सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वीचं मानलं जातं. बागेच्या माथ्याजवळ तोडा या इथल्या आदिवासी लोकांची वस्ती आहे. गुडघेवाल्यांनी तिथवर चढायचा हट्ट धरू नये. काचघरापर्यंतचा भाग सावकाश दोन तास पुरतो.

रोझ गार्डन वेगळ्या दिवशी. ती १९९५ ची, एल्क हिलच्या उतारावर पाच टप्प्यांत. २००६ मध्ये जागतिक गुलाब महासंघाचा उत्कृष्ट बागेचा सन्मान तिला मिळाला. सगळे टप्पे उतरायचे ठरवलं तर तेवढेच परत चढावे लागतात. वरचे दोन टप्पे नीट बघितले, पाट्या वाचल्या, वास घेतला, तरी पुष्कळ. त्याच दुपारी फर्नहिलला आपल्या कर्नाटकाच्या फलोत्पादन खात्याची बाग बघा. ३८ एकर, २०१८ पासून लोकांना खुली. गर्दी कमी, वाटा रुंद, पाट्या कन्नडमध्येही. बहुतेक टूरवाले ती यादीत धरत नाहीत, मुद्दाम सांगून घाला.

कुन्नूरचं सिम्स पार्क १८७४ चं, सुमारे १२ हेक्टर, ऊटीपेक्षा साडेचारशे मीटर खाली. म्हणून तिथं ऊटीला न टिकणारी झाडंही दिसतात, रुद्राक्ष त्यातलाच. पण ही बाग घळीत आहे: प्रवेश वरून, तळं खाली. जाताना सगळे हसत उतरतात आणि परतीच्या चढावर दम लागतो. काकांना अर्ध्यावरच्या बाकावर बसवा, तिथून जुने मोठे वृक्ष छान दिसतात.

हंगामाचं. मेमध्ये कोटगिरीला भाज्यांचं, ऊटीला गुलाबांचं आणि फुलांचं, शेवटी कुन्नूरला फळांचं प्रदर्शन असतं. फुलं त्या महिन्याइतकी कधीच नसतात, आणि गर्दीही. प्रदर्शनाच्या दिवसांत साठीपुढच्यांना नेऊ नये असं माझं स्पष्ट मत. मेच हवा असेल तर पहिला आठवडा, सोमवार ते गुरुवार. त्याहून चांगला दुसरा हंगाम, सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबरचा पहिला आठवडा. बागवाले त्यासाठी पावसाळ्यातच नव्यानं लावणी करतात. नवरात्राचे दहा दिवस मात्र टाळा, मैसूरला खोल्या मिळत नाहीत. मध्य ऑक्टोबरनंतर परतीचा पाऊस कुन्नूर-कोटगिरीच्या बाजूला जोरात पडतो. आपल्याकडं पाऊस सरला म्हणून तिकडंही सरला असं धरायचं नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटे गवतावरचं दव गोठतं, नाजूक रोपं झाकून ठेवलेली असतात.

घाटातला_हात:

वाट आणि गाडीचं मी सांगतो.

बेळगाव ते मैसूर थेट रेल्वे आहे, तीच घ्या. पाचशे किलोमीटरच्या वर बसमध्ये बसून पुन्हा घाट चढायचा, हे या वयाला नको. मैसूरला एक रात्र काढा आणि सकाळी साडेसहा-सातला निघा. नंजनगूड, गुंडलुपेट, बंदीपूर, तेप्पकाडू. तेप्पकाडूवरून ऊटीला दोन वाटा फुटतात. मसिनगुडी-कल्हत्तीची वाट ३६ किलोमीटर आणि ३६ वळणं, चढ फार उभा. गुडलूरची ६७ किलोमीटर, पण रुंद आणि चढ बेताचा. तुम्ही गुडलूरनंच जा, जाताना आणि येतानाही. कल्हत्तीचा घाट उतरायला बाहेरच्या पर्यटक गाड्यांना परवानगी नाही, कारण ब्रेक तापून अपघात झालेत. गुडलूरच्या वाटेवर नडुवट्टम लागतं. मॅकआयव्हर यांच्याच काळात तिथं सिंकोना लावला गेला, हिवतापावरचं क्विनाइन त्याच्या सालीतून काढत. अर्धा तास थांबायला योग्य जागा.

बंदीपूर-मुदुमलैचा रस्ता रात्री ९ ते सकाळी ६ बंद असतो. येताना संध्याकाळी सातनंतर ऊटी सोडली तर तुम्ही फाटकावर अडकणार, सकाळपर्यंत. जंगलाच्या पट्ट्यात गाडी थांबवून डबे उघडायचे नाहीत. नाश्ता गुंडलुपेटला उरका.

ई-पास: मे २०२४ पासून मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानं नीलगिरीत शिरणाऱ्या प्रत्येक बाहेरच्या गाडीला तो लागतो. तामिळनाडू सरकारच्या संकेतस्थळावर काढायचा. गाडीचा नंबर, माणसं, तारखा आणि मुक्कामाचं ठिकाण भरावं लागतं. एप्रिल ते जूनमध्ये रोजच्या गाड्यांची संख्याही ठरवून दिलेली असते, म्हणून शनिवार-रविवारचा पास आयत्या वेळी मिळत नाही. इथं चूक नेहमी एकच होते. पास एका नंबरवर काढलेला असतो, ऐनवेळी टूरवाले दुसरी गाडी पाठवतात, आणि हद्दीवरच्या कक्कनल्ला नाक्यावर गाडी बाजूला घेतली जाते. आदल्या रात्री ड्रायव्हरकडून नंबरप्लेटचा फोटो मागवा आणि पासशी ताडून बघा. दोन मिनिटांचं काम.

दुसरं, गाडी पिवळ्या पाटीची हवी, तामिळनाडूत चालणारं पर्यटक परमिट हवं. मैसूरची घ्या की आपल्या बेळगावच्या केए-२२ ची, परमिटची प्रत सहलप्रमुखाच्या मोबाइलमध्ये असू द्या. २४ जणांना एक मोठी बस घेण्यापेक्षा १२-१३ आसनांच्या दोन टेम्पो ट्रॅव्हलर घ्या. ऊटीच्या रस्त्यांवर त्या वळतात, बागेच्या गेटपर्यंत जातात, आणि एक बिघडली तरी अर्धी मंडळी रस्त्यावर उभी राहत नाहीत. मे महिन्यात पोलीस एकेरी वाहतूक लावतात. घाटाच्या पायथ्याच्या मेट्टुपाळयमच्या बाजूनं चढणं कुन्नूरवरून आणि उतरणं कोटगिरीवरून. तेव्हा कुन्नूर-कोटगिरीचा दिवस त्याच हिशेबानं लावा.

ज्यांना घाट लागतो त्यांनी उलटीची गोळी गुंडलुपेटलाच घ्यावी, म्हणजे चढ सुरू होईपर्यंत ती लागू होते. वळणं सुरू झाल्यावर घेतली तर उपयोग नाही.

आणखी एक, नीलगिरीत एकदा वापरायच्या प्लॅस्टिकला बंदी आहे, त्यात पाण्याच्या बाटल्याही आल्या. नाक्यावर तपासतात, दंड करतात. प्रत्येकाकडं स्टीलची बाटली, खाऊ कापडी पिशवीत. कुंद्याच्या मिठाईचा खोका कागदी असला म्हणून वरची प्लॅस्टिकची पिशवी चालत नाही.

कुंडी_टिळकवाडी:

घाटातले दादा, फार उपयोगी. नंबरप्लेटचं तर आमच्या डोक्यातच आलं नसतं. एक शंका: बायकांना झुकझुक गाडीत बसायचंच आहे. मेट्टुपाळयमहून सगळा प्रवास करावा का?

घाटातला_हात:

ताई, मैसूरवरून जाणाऱ्यांना मेट्टुपाळयम पार उलट्या बाजूला पडतं. त्या गाडीसाठी आदल्या रात्री कोइमतूर किंवा मेट्टुपाळयमला मुक्काम करावा लागतो, कारण गाडी सकाळी ७ च्या सुमारास सुटते आणि ४६ किलोमीटरला जवळपास पाच तास घेते. कल्लार ते कुन्नूर दातेरी रुळाचा भाग, १२.५ मीटरला १ मीटर चढ, वाफेचं इंजिन मागून ढकलतं. देखणं आहेच. पण आसनं थोडी आणि लाकडी पाठीची, २४ एकत्र मिळणं कठीण. आणि पावसात नेमक्या त्याच भागात दरडी पडून गाडी रद्द होते.

तुमच्यासाठी ऊटी ते कुन्नूर एवढाच टप्पा. तासा-सव्वा तासाचा, डिझेल इंजिन, दिवसात तीनचार फेऱ्या. लव्हडेल आणि केट्टीच्या खोऱ्याचं दृश्य याच टप्प्यात आहे. रिकाम्या गाड्या रस्त्यानं कुन्नूर स्टेशनवर पाठवा, तिथून सिम्स पार्क. आरक्षण ६० दिवस आधी सुरू होतं, त्याच सकाळी करा. स्टेशनचं नाव ‘ऊटी’ टाकून सापडत नाही, ‘उदगमंडलम’ टाका.

गुलाबकलम:

गाइडबद्दल कोणी बोललं नाही. ‘सोबत गाइड’ म्हणजे बहुतेक वेळा सहल-व्यवस्थापक: जेवण, खोल्या, हजेरी सांभाळणारा. तो हवाच, पण त्याला कॅमेलिया आणि गार्डेनिया यांतला फरक सांगता येईल असं नाही. झाडांचा माणूस वेगळा मागा आणि तो लेखी घ्या: किती तास, कुठल्या बागा, किती माणसांमागं एक.

पारख सोपी आहे. फोनवर विचारा, ‘बोटॅनिकल गार्डनमधली पाच परदेशी झाडं आणि त्यांचे मूळ देश सांगा.’ मग विचारा, ‘आम्ही येऊ त्या आठवड्यात काय फुललेलं असेल आणि काय नसेल?’ जाणकार माणूस ‘हे नसेल’ असंही सांगतो. सगळंच फुललेलं असतं म्हणणाऱ्याला सोडा. तिसरा प्रश्न शोलाचा. डोंगराच्या घळीतलं मूळ जंगल म्हणजे शोला. निलगिरी आणि वॅटल ही झाडं बाहेरून आणून लावलेली. हा फरक ज्याला दाखवता येतो, त्याच्याबरोबर कोटगिरीच्या लाँगवुड शोलात एक सकाळ घालवा. वाट मातीची आणि निसरडी असते, जळवा लागतात, म्हणून गुडघेवाल्यांनी कडेलाच थांबावं.

भाषेची अडचण धरू नका. नीलगिरीतल्या बडगा लोकांची बोली कन्नडच्या जवळची आहे, आणि तिकडं कन्नड समजणारे पुष्कळ. आपल्या बेळगावकरांना कन्नड येतंच, तेव्हा मोडकंतोडकं हिंदी बोलणाऱ्यापेक्षा कन्नड बोलणारा स्थानिक जाणकार घ्या. एका माणसामागं १२ जण. २४ जणांत शेवटच्या सहाला काही ऐकू येत नाही, ते मग सेल्फी काढत मागं राहतात आणि पुढच्या वळणावर चुकामूक होते. दोन गट करा, एक सावकाश चालणारा. त्या गटाचा मार्ग आधीच छोटा ठरवा, म्हणजे ‘तुमच्यामुळं उशीर झाला’ असं कुणाला ऐकावं लागत नाही.

टूरवाल्यांना आणखी विचारा: खोल्या तळमजल्यावर का, गरम पाणी किती ते किती, बागांचं प्रवेशशुल्क आणि ई-पास कुणाकडं, दरड पडून रस्ता बंद झाला तर जादा रात्रीचा खर्च कुणाचा. शेवटचा प्रश्न विचारायचा राहतो आणि मग वाद होतात.

तांबडी_माती:

आता रोपांचं, आणि हे जरा कान देऊन ऐका.

आधी काय आणायचं नाही ते. तिथल्या शेतातली माती, मातीसकट उपटलेलं रोप, बटाट्याचं बियाणं, काही म्हणजे काही नाही. नीलगिरीच्या बटाट्यात १९६१ मध्ये सोनेरी सूत्रकृमी, म्हणजे मुळांवर जगणारी बारीक कृमी, सापडला. मुळांवर खसखशीच्या दाण्यापेक्षा बारीक, पिवळसर-तपकिरी गोळे दिसतात. त्या एकेका गोळ्यात शेकडो अंडी असतात, आणि ती जमिनीत वर्षानुवर्षं जिवंत राहतात. म्हणूनच तिथल्या बियाण्याच्या बटाट्याला बाहेर न्यायला सरकारी बंदी आहे. आपल्या बेळगाव-खानापूर भागात बटाटा लावणारे शेतकरी किती आहेत ते तुम्हाला माहीत आहे. एका कुंडीतल्या मातीसाठी त्यांच्या रानाशी खेळू नये. बुटाच्या तळव्याची मातीसुद्धा निघताना धुवा.

रोप घ्यायचंच तर सरकारी रोपवाटिकेतून, कोकोपीटमध्ये वाढवलेलं. त्याहून बरं म्हणजे बी.

आता काय जगतं. ऊटी २२४० मीटरवर, बेळगाव साडेसातशेच्या आसपास. पावसाळा आणि थंडीत आपलं हवामान फसवतं, रोप टवटवीत राहतं. खरी परीक्षा मार्च-एप्रिलमध्ये होते. फ्युशिया सत्तावीस अंशांच्या वर कळ्या गाळायला लागतो. कंदाचा मोठ्या फुलांचा बिगोनिया आणि सायक्लेमेन उन्हाळ्यात कुजतात. ही तीन आणू नका, कितीही मोह झाला तरी. उंच काडीचा आणि रंगीत पानांचा बिगोनिया सावलीत चांगला राहतो. अगापँथस टिकतो. जिरेनियम ऑक्टोबर ते मार्च छान, पावसाळ्यात मात्र पत्र्याखाली घ्यावा, नाहीतर बुंधा काळा पडतो. पॅन्सी, सिनेरारिया यांचं बी आणा आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरा.

हायड्रेंजिया सगळ्यांनाच हवा असतो. तिथला गर्द निळा गुच्छ घरी आणला की पुढच्या वर्षी गुलाबी होतो, आणि रोपवाटिकेनं फसवलं असं वाटतं. फसवलेलं नसतं. निळा रंग ॲल्युमिनियममुळं येतो, आणि ते मुळांना आम्लधर्मी मातीतच मिळतं, सामू (पीएच) ५ ते ५.५ च्या दरम्यान. साडेसहाच्या वर गेला की गुलाबी. खानापूरच्या बाजूच्या तांबड्या मातीत निळा राहू शकतो, गोकाक-बैलहोंगलच्या काळ्या मातीत राहणार नाही. चार लिटर पाण्यात एक मोठा चमचा, म्हणजे साधारण १५ ग्रॅम, तुरटी विरघळवून कळ्या येण्याआधी दर पंधरा दिवसांनी द्या. आधी साधं पाणी घालून माती ओली करायची. कोरड्या मातीत तुरटीचं पाणी गेलं तर मुळं भाजतात. बोअरचं जड पाणी घालत राहिलात तर तुरटी वाया, पावसाचं साठवलेलं पाणी घाला. कुंडी पूर्वेकडं, फक्त सकाळचं ऊन. आणि छाटणी फूल ओसरल्यावर लगेच. हिवाळ्यात छाटलं तर पुढच्या वर्षीच्या कळ्याच कापल्या जातात, कारण त्या जुन्या काडीवर तयार झालेल्या असतात.

गुलाबाची कलमं आणली तर डोळा भरलेल्या जागेखालून फुटणारी काडी दिसताच मुळापासून ओढून काढा. ती खुंटाची, म्हणजे ज्या गुलाबावर कलम बांधलं त्याची, असते. ठेवली तर दोन वर्षांत वरची जात मरते आणि खुंट तेवढा माजतो.

कुंडी_टिळकवाडी:

बटाट्याचं ऐकून गटातल्या तिघींनी मातीसकट डेलियाचे कंद आणायचा बेत रद्द केला. टूरवाल्यांना ४ रात्रींचा नवा कार्यक्रम मागितलाय, दोन गाड्या आणि दोन जाणकार. तारीख सप्टेंबरचा शेवटचा आठवडा धरली, मैसूरच्या खोल्यांसाठी नवरात्र कधी बसतं ते बघून ठरवणार. रोपं रेल्वेत कशी आणायची तेवढं सांगा.

तांबडी_माती:

शेवटच्या सकाळी घ्या, आधी घेऊन खोलीत ठेवू नका. रोपवाटिकेला आदल्या संध्याकाळीच पाणी घालायला सांगा, सकाळी नाही, म्हणजे बुंधा ओला असतो पण पाणी गळत नाही. मोठी पानं अर्धी कापा, फुलं आणि कळ्या सगळ्या काढून टाका. वाईट वाटेल, पण प्रवासात रोप फुलांसाठी पाणी खर्च करतं आणि पानं सुकतात. भाजीच्या क्रेटमध्ये उभी रचून मधे वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि क्रेट आसनाखाली ठेवा, खिडकीजवळ नको. घरी आल्यावर लगेच कुंडी बदलू नका. आठ दिवस झाडाच्या गर्द सावलीत, बाकीच्या कुंड्यांपासून दूर ठेवा. पानामागं मावा किंवा कोळी-कीड दिसली तर बहुधा त्या आठ दिवसांतच दिसते.